तुळईखालचं मुसळ

सोपानच्या बाबांस,

बयावन्संच्या पायावर आज त्यांच्या गोठ्याची तुळई पडली. तुमी मला त्यांच्या दारात जाऊ नको म्हनला होता, पन किंकाळी ऐकून मी धावले. चौघींनी जोर लावला तरी तुळई हलंना. मग मी वरवंट्यावर मुसळ टेकवलं, एक टोक तुळईखाली सारलं आन् दुसऱ्या टोकावर अंगाचा सारा भार टाकला. तुळई चार बोटं वर आली, तसा बायांनी पाय ओढून काढला.

आमी बैलगाडीनं लोणावळ्याच्या दवाखान्यात चाललोय. पाय वाचंल का, ठाव न्हाई. भाकर शिंक्यात हाय.

वन्सं म्हनत्यात, "दादाला सांगू नगं, तो यायचा न्हाई."

मी म्हनलं, "येतील."

मला खोटं पाडू नका.

— नंदा