मीटरवाल्या काकांचे अधिकार

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सकाळ माझ्याकडे. हिची हॉस्पिटलमध्ये महिनाभर मॉर्निंग ड्युटी लागली आहे. उजाडायच्या आत घराबाहेर. जाताना तिने एकच गोष्ट मागितली: पोरांवर ओरडू नकोस आणि त्यांना भीती घालू नकोस.

मला हसू आलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर न चिडता 'आता दिसतंय का? बरं, आता?' विचारणारा माणूस मी. माझ्याइतका शांत नवरा शोधून सापडायचा नाही.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. बागुलबुवा नाही. फक्त संवाद.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुकानात पोचल्यावर

संवाद साधला. चिमी (वय पाच) दुधाचा कप समोर घेऊन बसली होती. मुलं वाढवण्याच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गुडघ्यांवर बसून, तिच्या उंचीला येऊन, दुधाचे फायदे समजावले. तिने मन लावून ऐकलं आणि शेवटी सायीबद्दल एक शंका विचारली. तेवढ्यात गोळूने (वय दीड) माझा बूट बादलीत बुडवला.

मी ओरडलो नाही. जरा स्पष्ट बोललो. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या, पण त्यांना चौकशीची खोडच आहे.

दूध मीच प्यायलो. एक पाय ओला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कालचं लिहिण्यासारखं नाही. आजचंही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्ग सापडला! समोरच्या बिल्डिंगमध्ये विजेचे मीटर बघणारा माणूस आला होता. खांद्याला मोठी पिशवी, हातात टॉर्च. खिडकीतून तो दिसला आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की ते काका घरोघरी बघत फिरतात कोण दूध पीत नाही ते, आणि न पिणाऱ्याला पिशवीत घालून नेतात.

चिमीने पिशवीकडे पाहिलं. कप उचलला. घटाघटा. सायीसकट.

आता याला कोणी भीती घालणं म्हणेल. पण बागुलबुवा खोटा असतो, मीटरवाले काका खरे आहेत. मी नुसती माहिती दिली. थोडी वाढवून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घर कसं सुतासारखं सरळ चाललंय. काकांचे अधिकार वाढवले. आता ते केस विंचरू न देणाऱ्यांना, भावाला ढकलणाऱ्यांना आणि खोटं बोलणाऱ्यांनाही नेतात. त्यातलं खोट्याचं कलम माझं आवडतं. संस्कार म्हणून.

हिने विचारलं, काय जादू केलीस? म्हटलं, संवाद. तिने लगेच आईला फोन लावून माझं कौतुक केलं. सासूबाईंच्या तोंडून 'जावई गुणाचे' हे लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. जरा कानकोंडं झालं. खरं सांगायला हवं होतं, पण बिचारी दमून येते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमी हल्ली बाथरूमला एकटी जात नाही. वाटेत दारामागे मीटर आहे. बेल वाजली की गोळूला ओढत पलंगाखाली नेते आणि त्याच्या तोंडावर हात धरते. नवा खेळ असावा. भावंडांत प्रेम वाढतंय, हे चांगलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बालवाडीतून बोलावणं आलं. काल तिथे खरोखरच मीटर बघायला माणूस आला होता. चिमीने वर्गाला सगळी माहिती आधीच देऊन ठेवलेली. अर्धा वर्ग टेबलांखाली. एकाची चड्डी ओली. ज्याचा डबा संपला नव्हता, त्याने तो रडत रडत कोंबला आणि मग ओकला. टीचरनी विचारलं, हे हिला कोणी सांगितलं? घरी कोणी बोलतं का असं?

मी म्हणालो, "छे हो. आमच्याकडे असलं काही चालत नाही. कुठून ऐकते कोण जाणे."

चिमी माझं बोट धरून उभी होती. मान वर करून माझ्याकडे बघत होती. मग टीचरनी तिलाच समजावलं, असं मनाचं सांगू नये, बाळा. ती सॉरी म्हणाली.

पाच वर्षांची पोर माझ्या वाटची सॉरी म्हणाली आणि मी मान डोलावली. कान जे तापले ते दुकानात येईपर्यंत निवले नाहीत. एका आजोबांना भलत्याच माणसाचा चष्मा दिला. ते म्हणाले, फार छान दिसतंय. मला तेही बोचलं.

रविवारी तिला सगळं खरं सांगणार. हिलाही. ठरलं म्हणजे ठरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणारच होतो. पण चिमीने न सांगता दूध संपवलं. इतक्या चांगल्या सकाळला गालबोट कशाला? शिवाय उद्या सोमवार, उद्याचं दूध आहेच. हिची ड्युटी संपली की सांगेन.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

हिला सुट्टी, सगळे घरी. बेल वाजली. हिने दार उघडलं. मीटरवाला. तोच. तीच पिशवी.

चिमीने गोळूला पलंगाखाली सारलं. स्वतः मात्र गेली नाही. सकाळचा रिकामा कप घेऊन आली आणि माझ्यापुढे, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"काका, बाबाला नेऊ नका," ती म्हणाली. "तो एकदाच खोटं बोलला. टीचरशी. मी कोणाला नाही सांगितलं. मी दूधपण सगळं प्यायले."

तो माणूस गोंधळला. टॉर्च बंद केला आणि उकिडवा बसला, अगदी तिच्या उंचीला. "मी कोणाला नेत नाही गं. नुसता आकडा बघतो आणि जातो." पिशवी उघडून दाखवली. आत पाण्याची बाटली, डबा आणि छत्री.

हिने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या पिशवीत मावलो असतो, तर मी आपणहून जाऊन बसलो असतो.

१ मार्च, रविवार

सकाळी चिमीजवळ बसलो. सगळं सांगितलं. काका कोणाला नेत नाहीत, ते बाबाने मनाचं रचलं होतं. बाबा टीचरशी खोटं बोलला आणि त्याच्या आधी तिच्याशी. चूक बाबाची, तिची अजिबात नाही. उद्या टीचरनाही जाऊन सांगणार. यापुढे बाबा खरं तेच बोलणार.

तिने नीट ऐकून घेतलं. दुधाचा कप बाजूला सारला. मग उठून स्वयंपाकघरात गेली, आईला विचारायला, की बाबा सांगतोय ते खरं आहे का.