घराचा पाझर तलाव झाल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय, जि. जालना.

विषय : घरालगतचा सिमेंट रस्ता दोन हात खोदून देणे, न जमल्यास माझे राहते घर पाझर तलाव म्हणून नोंदवणे.
संदर्भ : ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील मजकूर, ओळ १ व २.

महोदय,

मी झुंबरबाई आबाराव खरात, वय ७४, राहणार मौजे लिंबवाडी. एकसष्टाव्या वर्षी साक्षरता वर्गात अक्षरे शिकले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन ओळी होत्या. वर 'पाणी अडवा', खाली 'पाणी जिरवा'. मला वाचता आलेला हा पहिला सरकारी हुकूम.

त्यानंतर तीन सरपंच झाले. प्रत्येकाने जुना रस्ता न काढता त्यावरच नवा घातला. पूर्वी मी दोन पायऱ्या चढून घरात जात असे, आता दोन उतरून जाते. चढण्याचा त्रास वाचवल्याबद्दल तिघांची आभारी आहे.

राहिलेल्या अंगणांत पेव्हर ब्लॉक बसले. गल्लीत आता उघडी माती फक्त माझ्या घरात आहे, तीही मी सारवते म्हणून. मागच्या श्रावणात सगळ्या गल्लीचे पाणी आत आले, गुडघाभर साचले आणि चार दिवसांत जिरले. बाहेरचा हापसा मात्र दिवाळीलाच कोरडा पडला.

रस्त्याचे इंजिनियर साहेब पाहणीस आले. म्हणाले, "आजी, रस्ता वर आला म्हंजे गाव वर आलं." मी म्हणाले, "बराबर आहे. मंग मलाच का खाली ठिवलं?" त्यांनी घर उंच करून घ्या असे सांगितले. घर उचलण्याची योजना असल्यास फॉर्म पाठवावा.

रस्त्याकडची मातीची भिंत कमरेपर्यंत फुगली आहे. बद्रीनाथ मिस्त्री म्हणतो, ही आणखी एक पावसाळा काढणार न्हाई. त्याच भिंतीला लागून माझी बाज आहे.

तरी मृगाच्या आत भिंतीलगतचे सिमेंट काढून पाण्याला जमिनीत जायला वाट द्यावी. जमत नसेल तर घराची तलाव म्हणून नोंद व्हावी, चूल सोडून मासे सोडण्यास माझी हरकत नाही. बुडीत क्षेत्रात मी एकटीच येते, सबब पुनर्वसनही स्वस्तात होईल.

कोरड्या दिवसांतच उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
झुंबरबाई आबाराव खरात
(अंगठा नाही, सही आहे.)
दि. १९ मे २०२५

सोबत :
१. भिंतीचा फोटो. त्यात 'पाणी अडवा' एवढेच दिसते.
२. 'पाणी जिरवा' ही ओळ तिसऱ्या रस्त्याखाली गेली आहे. खोदल्यावर जोडीन.