रेक्झिनचा कोपरा

आई,

ज्याने कंठ दिला आणि कंठातल्या शब्दाला अर्थ दिला, त्या दयाघनाला प्रथम वंदन; मग तुझ्याशी बोलतो. गिरगावातल्या आपल्या चाळीच्या चौकात अण्णा चातुर्मासात पोथी सांगत. त्या वर्षी घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज इतका खोल गेला, की पहिल्या रांगेपलीकडे काही पोहोचेना. माणसे तरीही आदराने बसून राहत, आणि तेच अण्णांना सोसेना. पोथी कायमची बांधून ठेवायची, असे त्यांनी मनाशी धरले. पोथी थांबली तर हा मनुष्य फार दिवस राहणार नाही, हे तुलाही कळत होते आणि मलाही.

मी तेव्हा ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना दुकानातले सारे कर्णे जात. मालकांनी एक जुना ॲम्प्लिफायर, मायक्रोफोन आणि पेटीवाचून पडलेला स्पीकर तेवढा दिला. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी मी घरीच ठोकली. तू ती पाहिलीस आणि म्हणालीस, "हे उघडं खोकं पोथीशेजारी? रेक्झिन तरी चढव."

मी रेक्झिन आणले, चिकटवायला सरसही आणला. हाडाकातड्यांपासून केलेला तो सरस तुझ्या चुलीवर शिजणे शक्य नव्हते. तू कणकेची खळ केलीस. सपाट बाजू नीट बसल्या. कोपऱ्यावर मात्र जादा रेक्झिन गोळा होऊन फुगवटा आला. तो काढायला मी कात्री थेट टोकापर्यंत नेली आणि लाकूड उघडे पडले.

"टोकाशी फळीच्या जाडीइतकं सोडायचं रे. ठेवलंच नाहीस तर झाकणार कशानं? राहू दे, हा कोपरा भिंतीकडे करू."

उरलेले कोपरे तू केलेस. आजही दिसतेस: विस्तव घातलेला तांब्या रेक्झिनवरून हलकेच फिरवतेस, ते मऊ होताच ताणतेस, दोन्ही पदर एकमेकांवर घेऊन माझ्या दाढीच्या पात्याने तिरके कापतेस, वरखालच्या चिंध्या ओढून काढतेस. कडेला कड भिडते. खळ वाळेपर्यंत अंगठा दाबून बसतेस; ओठांवर नाम चालूच.

संध्याकाळी अण्णांनी पेटीला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. "चामडं आहे हे," ते कसेबसे म्हणाले.

"अहो, पाठ बघा. सुती कापड आहे." तू एक चिंधी उलटी करून त्यांच्या हातावर ठेवलीस. "आणि तुमच्या कीर्तनातला मृदंग काय केळीच्या पानानं मढवतात?"

अण्णा आवाजाविना हसले. बराच वेळ चिंधी चाचपून मग त्यांनी पोथीचे वेष्टन उलगडले. ते जवळजवळ पुटपुटतच होते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या, जिना न उतरणाऱ्या आजींनी कठड्यावरून विचारले, "आज शास्त्रीबुवा वर आलेत की काय?" त्यानंतर अण्णांनी अखेरच्या चातुर्मासापर्यंत पोथी सांगितली.

त्यांचा तो क्षीण स्वर या वयातही मला हवा तेव्हा ऐकू येतो. तुझे बोलणे मी इथे लिहिले खरे. शब्द सारे आठवले. पण आई, लिहिताना तुझा आवाज मात्र काही केल्या आठवेना. त्या मायक्रोफोनपुढे तुला कधी कुणी बसवलेच नाही.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही. ज्या कुणाच्या वाचनात ते येईल, त्याला आपल्या माणसांचे आवाज शेवटपर्यंत ऐकू येवोत.