गोदूचे तीन शब्द

९ सप्टेंबर १९३२, नाशिक
काल पोलिसानं आश्रमात आणखी एक मूल आणून सोडलं. सिंहस्थाच्या गर्दीत गंगेवर (इथं गोदावरीलाच गंगा म्हणतात) चुकलेली मुलगी. चारेक वर्षांची. ओलीचिंब, अंगात ताप, कुणाच्या तरी रेशमी उपरण्यात गुंडाळलेली. आश्रम सांभाळणाऱ्या माई म्हणाल्या, "गंगेवर सापडली, गोदा म्हणू." मी गोदू म्हणते.

माई मला अजून 'झांजिबारकर' म्हणतात. "सेवाच करायची तर वर्षभर आपल्या मुलखात कर," म्हणून बाबांनी आगबोटीत बसवलं. आपला मुलूख! इथं मी तोंड उघडलं की बायका पदराआड हसतात.

१२ सप्टें.
ताप उतरला. गोदू तीनच शब्द बोलते. दिवसभर "दाई, दाई" करून रडते. मला लगेच कळलं. मलाही झांजिबारला दाईनंच वाढवलं, आईपेक्षा तिच्यासाठीच जास्त रडायचे मी. दुसरा शब्द लोणी. बोबडी आहे, 'नोनी' म्हणते, छातीवर हात आपटून. बोटावर लोणी दिलं तर ढुंकून पाहिलं नाही. नखरे!

तिसऱ्या शब्दानं आज कहर केला. स्वैपाकाच्या काकूंनी वाफाळता भात वाढला, तर ताटली ढकलून म्हणते, "बासी! बासी!" काकू अशा भडकल्या! "आत्ता चुलीवरनं उतरवलाय आणि शिळा म्हणते भवानी! कुठल्या राजाची गं तू?"

दाई, लोणी, रेशमी उपरणं. मोठ्या घरचीच आहे. चौकीवर तसं सांगून आले. इथं आल्यापासून पहिल्यांदा काही उपयोगाचं केलं.

१९ सप्टें.
गोदूला कडेवर घेऊन बंगले, धर्मशाळा, शेठाण्या. कुणी ओळखेना. एकीनं तर गाल ओढून पाहिला, बाजारात भाजी बघतात तसा. पाय गेले माझे.

२१ सप्टें.
भर दुपारी फाटकाशी भिकारीण. हात कोपरापर्यंत गोंदलेले, लुगडं चिखलानं माखलेलं. तिचं बोलणं काही कळेना. गुडघ्याइतका हात धरून दाखवी नि "नोनी, नोनी" करी. घरी लहान पोर असेल. आज सगळ्यांना लोणीच हवंय! म्हटलं, बाई, लोणी नाही, ताक आहे. वाटीभर आणून दिलं. घेईना. उलट माझे पाय धरायला लागली. गोदू आत नुकती झोपली होती, या आरड्यानं उठेल म्हणून मी फाटक लावून घेतलं. संध्याकाळी वाटी तशीच कट्ट्यावर. ताक मांजर प्यायलं.

१५ ऑक्टो.
गोदू बोलायला लागली! 'दाई' म्हणाली की मी ऐकूच येत नाहीसं करते. 'ताई' म्हणाली की कडेवर घेते. पठ्ठी सुधारली. "ताई, भात दे." काकूंनी दृष्ट काढली तिची.

२७ नोव्हें.
चांदवडचं एक जोडपं गोदूला घेऊ म्हणतंय. मूलबाळ नाही, माणसं चांगली. आश्रमाच्या कमिटीचे रावसाहेब खूश. बरंच होईल तिचं. मला मात्र जेवण गेलं नाही.

६ डिसें.
माईंच्या नणंदबाई अक्का आल्यात. त्यांचे यजमान रेल्वेत, बरीच वर्षं तिकडं छत्तीसगडात, बिलासपूरला. काकूंनी त्यांना ती 'बासी'ची गोष्ट रंगवून सांगितली. आम्ही सगळ्या हसलो. अक्का हसल्या नाहीत.

"अगं, तिकडचीच पोर ही. तिकडं दाई म्हणजे आई. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात आणि सकाळी खातात गोरगरीब, तो बासी. शिळा नव्हे गं, तेच मागत होती."

"आणि लोणी?" मी.

"लोणी कुठलं? नोनी. नोनी म्हणजे मुलगी. पोरीला लाडानं नोनीच म्हणतात."

ती बाई. ते ताक. आणि फाटक मी

७ डिसें.
आई होती ती. लेक मागायला आली आणि मी तिला ताक दिलं. देवा, काय केलं मी हे! उपरणं घाटावरच्या कुणीतरी माणुसकीनं पांघरलं असेल, त्यावर मी केवढा बंगला बांधला. आज गंगेवर, धर्मशाळेत, स्टेशनवर विचारून आले. बिलासपूरची यात्रा कधीच उठलीय. लोक म्हणतात, "गोंदलेल्या बाया काय कमी येतात?"

गोदूला मांडीवर घेतलं. म्हटलं, बाळा, दाई म्हण. दाई. मान हलवते. "दाई नाई म्हणायचं. ताई म्हणायचं."

मीच शिकवलं. छान शिकवलं. जळो माझी सेवा.

१२ डिसें.
रावसाहेबांकडे दुसऱ्यांदा. म्हटलं, अक्का परत जातायत, त्यांच्याबरोबर गोदूला नेते, गावोगाव विचारते. ते म्हणाले, "बिलासपूर म्हणजे काय पंचवटी वाटली? पोरीला गावाचं नाव येत नाही, आईचं येत नाही. बरं घर मिळतंय. तुम्ही परमुलखातल्या, पाहुण्यासारख्या राहा." परतीची आगबोट चुकली तर चुकू दे म्हटलं. हसले फक्त. चांदवडकर रविवारी येणार. एकदा तिकडं गेली की संपलं, मग कुणाची नोनी नि कुणाची दाई.

अक्का म्हणाल्या, "माझ्याकडे उतर. पुढचं पुढं."

१७ डिसें., शनिवार
काल काकूंनी कुणाला न सांगता भात पाण्यात घालून ठेवला. सकाळी मीठ घालून, कांदा फोडून गोदूपुढे ठेवला. "खाऊन बघू दे की. भातच आहे," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

गोदूनं वास घेतला. मग दोन्ही हातांनी खाल्लं. वाडगं तोंडाला लावून पाणीसुद्धा प्यायली, पोलकं सगळं भिजवलं. तोंड पुसलं, फाटकाकडे बघितलं आणि मला विचारलं,

"ताई, दाई कुठंय?"

शब्द तिचा. बाकीचं मी शिकवलेलं. तिनं पुन्हा विचारलं. दुपारपर्यंत विचारतेच आहे.

रावसाहेबांचा होकार नाही. चांदवडची माणसं उद्या सकाळी येतील. अक्कांची गाडी आज संध्याकाळची. माई मघाशी आल्या, फाटकाची किल्ली माझ्या खाटेवर ठेवली आणि देवळात जाते म्हणून गेल्या.

गोदूचं पोलकं धुऊन दोरीवर घातलंय. अजून दमट आहे.