घाऱ्यावरचा पहारा

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे निदान कालपर्यंत होतो. काकांचा गुडघा कसा आहे? (डॉक्टर "चाला" म्हणत असतील आणि काका "उद्यापासून" म्हणत असतील.) तू विणलेला स्वेटर पोचला. ऊब उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम, आणि त्याचा पुढे संबंध येणार आहे. सगळा स्वेटर निळा आणि डावी बाही तेवढी करडी, ही हल्लीची फॅशन असावी असं समजून मी गप्प बसलो.

आता मुद्द्याचं. तुझ्या बारकीला सांगून आलेला मुलगा माझ्याच शेजारच्या टेबलावर बसतो हे कळल्यावर तू म्हणालीस, "तू फक्त नजर ठेव. तुझा शब्द आल्याशिवाय मी कुणाला काही कळवत नाही." हे काम तू योग्य माणसाला दिलंस. त्या मुलाला त्याच्या डोळ्यांवरून सगळे घारा म्हणतात. पहिल्याच दिवशी मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. हा माणूस वेळेवर येतो, पाठीमागे कुणाला नावं ठेवत नाही आणि नेलेलं पेन परत आणून देतो. इतका सरळ माणूस सरळ असतो का, तूच सांग.

आमचं काम तुला थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर घाऱ्याचा डाव कळायचा नाही. कॉम्प्युटरच्या मेमरी चिपमध्ये तारेवरून शून्य आणि एक असे निरोप प्रचंड वेगाने येत असतात. ते ऐकणारं सर्किट म्हणजे रिसीव्हर. व्होल्टेज एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर तो "एक" म्हणतो, खाली असेल तर "शून्य". पण प्रत्येक रिसीव्हर जन्मतःच थोडा एका बाजूला झुकलेला असतो (माणसासारखाच). म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज द्यायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. निम्म्या वेळा एक, निम्म्या वेळा शून्य म्हणाला तर शहाणा. काही कारण नसताना "एक, एक" करत सुटला तर तो झुकाव मोजून काढून टाकायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि यात माझा हात धरणारा कुणी नाही.

तर मी संध्याकाळी चिप अगदी काट्यावर आणून ठेवायचो. चाचणी तशीच चालू ठेवून घरी जायचं असतं. सकाळी बघावं तर रिसीव्हर झुकलेला! मी घाऱ्याकडे बघितलं. तो हसला. निरपराध माणूस सकाळी सकाळी हसेल कशाला? मी चिपच्या बोर्डावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी झुकाव वाढलेला. मी खोक्याला सगळीकडून चिकटपट्टी लावली, तर आणखी वाढला. म्हणजे बघ, जितका बंदोबस्त कडक तितका चोर निर्ढावलेला. शेवटी खोक्यावर तुझा स्वेटर नीट गुंडाळला, बाह्यांची गाठ माझ्या खास पद्धतीने मारली, आणि सकाळी गाठ जशीच्या तशी असूनही झुकाव दुप्पट! गाठ सोडून पुन्हा हुबेहूब बांधणारा माणूस आपल्या घरात जावई म्हणून नको, असं माझं ठाम मत झालं. तेव्हाच मी तुला फोनवर "नकारच समज" म्हणालो.

मग मी आमच्या मुख्य बाईंकडे तक्रार केली. बाई आल्या, घाराही आला. मी गाठ दाखवली, स्वेटर सोडला, चिकटपट्टी काढली आणि खोकं उचललं. घाऱ्याने बोर्डावर नुसता तळहात धरला आणि म्हणाला, "दादा, हा भाजून निघालाय हो. याला जरा वारा लागू द्या."

चिप तापली की रिसीव्हरचा झुकाव सरकतो. हे मीच नव्या लोकांना शिकवतो, आत्या. पंखा लावला, चिप निवली आणि रिसीव्हर मी सोडला होता तिथेच, काट्यावर, येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. पहिला झुकाव बहुधा खिडकी बंद असल्यामुळे होता, पुढचे सगळे माझ्या बंदोबस्ताचे. बाई आपल्या कामाला गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घारा मात्र हसला नाही, की त्याने कुणाला सांगितलंही नाही. त्याने स्वेटरची घडी घातली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. काहीच घडत नसताना "चोर, चोर" म्हणत सुटलेला रिसीव्हर त्या खोलीत एकच होता, आणि तो खोक्याखाली नव्हता.

काकांना नमस्कार, बारकीला आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. नकार अजून कळवला नसशील तर कळवू नकोस. कळवला असशील तर भाच्याचं डोकं तापलं होतं म्हणून सांग, खोटं होणार नाही. मुलगा सोन्यासारखा आहे. बारकीचं माझ्यामुळे फिसकटलं तर मला अन्न गोड लागायचं नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालता घालता घारा आला. अंगात निळा स्वेटर. तीच लोकर, तीच वीण. दोन्ही बाह्या निळ्या! विचारलं तर लाजला आणि म्हणाला, "आत्यांनी पाठवलाय, मागच्या महिन्यात." म्हणजे माझा शब्द येण्याआधीच माप घेऊन झालं होतं तर! आता बाकी काही मागत नाही. लग्नाआधी माझी डावी बाही तेवढी निळी करून दे.