माजघरातला प्लग आणि तुमची खुंटी

अण्णा, आपल्या माजघरात काल विजेचा प्लग बसला. प्लग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या आळीत वीज आली नव्हती. कंदील होते, आणि कंदिलाच्या वातीवर तुमचं बारीक लक्ष होतं. मॅट्रिकच्या वर्षी मी वात जरा वर केली की तुम्ही पोथीवरून नजर न उचलता म्हणायचात, "कमी कर. वाचायचं तुला आहे, भिंतीला नाही." तर आता भिंतीवर लाकडी ठोकळा ठोकून त्यावर भोकं असलेली एक वाटोळी चकती बसवतात. रेडिओच्या वायरचं टोक त्या भोकांत खुपसलं की रेडिओ बोलू लागतो. असा एक प्लग बाहेरच्या खोलीत होताच. मग दुसरा कशाला, असं तुम्ही विचारणार. मीही बायकोला तेच विचारलं होतं.

"अहो, आई रोज दारामागे उभ्या राहून ऐकतात," ती म्हणाली. "बाहेर तुमची मंडळी बसलेली. त्या कशा येतील तिथं?" मला खरंच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी कीर्तन लागतं तेव्हा मी, शेजारचे पेन्शनर आणि शाळेतले एकदोघे खुर्च्यांवर ऐसपैस बसतो. त्या दिवशी मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. लोटलेल्या दाराच्या खाली आईची पावलं दिसत होती. एक पाऊल दुसऱ्यावर टेकवून ती त्याला विसावा देत होती, मग दुसऱ्याला. रेडिओ येऊन वर्ष झालं होतं, अण्णा.

भिंगारहून वायरमन आला. लष्कराच्या बराकींतून काम केलेला, कानावर विडी ठेवलेला. त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, ही खुंटी काढली तर तारेची पट्टी शिद्दी खाली येती. नऊ रुपये. खुंटी ऱ्हाऊ द्यायची म्हणलं तर समद्या खोलीला फेरा मारावा लागंल. मग सोळा. लढाईपास्नं तार गावंना, मी तरी काय करू?"

ती खुंटी म्हणजे तुमची खुंटी. माजघरात शिरताच वाट अरुंद होते आणि तिथंच भिंतीतून ती वीतभर पुढे आलेली. तिच्यावर तुमचा काळा कोट असायचा. समोर देवघर. तिथून जाताना तुम्ही दर खेपेला मान लववायचात. लहानपणी मला वाटे, देवाला. कॉलेजात गेल्यावर वाटू लागलं की आजोबांना, कारण खुंटी त्यांनी ठोकलेली. तुम्ही गेलात आणि मीही तिथं मान लववू लागलो. तुमच्याहून मी चार बोटं बुटका, तरी लववतो. मुलीलाही शिकवलं. तुमच्या नम्रतेवर मी डायरीत पानभर लिहून ठेवलं आहे. ते आता वाचवत नाही. जास्तीचे सात रुपये म्हणजे आमचं पंधरा दिवसांचं दूध. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला नीट माहीत होतं. तरी मी म्हणालो, "सोळा चालतील. खुंटी राहू दे."

"सोळा कशाचे?" आई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली. मी सांगितलं. तिनं खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अरे, काढ ती मेली. ह्यांचं कपाळ किती वेळा फोडलंय तिनं. लग्न झालं त्या वर्षी ह्यांना हळद लावून लावून माझीच बोटं पिवळी झाली होती. मग शिकले वाकायला."

"म्हणजे ते मान लववायचे ते..."

"मग? खुंटी लागायची म्हणून."

"देवाला नव्हे?"

"देवाला सकाळी एकदा करायचे. तेही घाईत."

वायरमन भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी विचारलं, मग काढून का नाही टाकली? आई म्हणाली, "मामंजींनी ठोकलेली, म्हणून ह्यांची छाती झाली नाही. आता ह्यांची म्हणून तू सोळा रुपये देतोस. पुढं नातीनं काय करायचं?"

मी हसायला लागलो तो थांबेना. भिंतीचा ढपला घेऊन खुंटी निघाली तेव्हाही हसत होतो. माझे पूज्य वडील गेले, आणि कपाळाला हळद लावून घेणारा एक उंच, नवा नवरा मला मिळाला, ज्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. रात्री मात्र शंका आली. माझे सात रुपये वाचावेत म्हणून तर आईनं हे रचलं नसेल? तिला ते सहज जमेल. विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

प्लग बसल्यावर बायको हळद-कुंकू घेऊन आली, तर वायरमन आडवा आला. "वैनी, वलं बोट नगा लावू. लांबूनच टाका." तिनं चिमूटभर कोरडं कुंकू लांबून टाकलं, ते बरंचसं त्याच्याच बाहीवर पडलं. रेडिओ माजघरात आणला. आता आई भिंतीला टेकून, पुढ्यात तांदळाचं ताट घेऊन ऐकते आणि बातम्या सांगणाऱ्याला सांगते की जरा दमानं बोल. संध्याकाळी पेन्शनर आले ते माजघराच्या दारामागेच घुटमळले. आई आतून म्हणाली, "उभे का? पाय दुखतात. आत येऊन बसा." खुंटी तिनं परसदाराशी, स्वतःच्या हाताला येईल इतकी खाली ठोकून घेतली आहे. तिथं रेशनची पिशवी टांगते.

आज मी त्या वाटेनं बरेचदा गेलो. तिथं आता खुंटी नाही, ताज्या चुन्याचा एक डाग आहे. तरी मान लवतेच. आईनं पाहिलं. "आता कशाला?" मी म्हणालो, "सवय." ते खरं नव्हतं. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहितो. तिथं मान लववताना मला क्षणभर तुमच्याएवढं उंच झाल्यासारखं वाटतं.