लाडक्याचा मांडव

सोम. ३ फेब्रु.
आणलं: तांदूळ ५ किलो २६०, गूळ ३५, कापूर २०. शेजारून चिकू, फुकट. यांचे ताडीचे ४०. ते नेहमीप्रमाणे 'किरकोळ'मध्ये. ताडी हा शब्द माझ्या वहीत आजवर लिहिला नव्हता. आज लिहून गेले.

शनि. ८ फेब्रु.
एकादशी. दिवेलागण झाली तरी हे आले नाहीत. शेवटी पदर घेऊन ताडी काढणाऱ्या लाडक्याच्या मांडवापर्यंत गेले. लग्नाला तीस वर्षं झाली, चिखले गावातच राहते, पण तिथे पाऊल पहिल्यांदाच. चार ताड, खाली झावळ्यांचं छप्पर, जमीन मातीची. लाडक्याची बायको रमी हसली, "वयनी, बसा. तुमाला नाय पाजत!"
यांनी ग्लास उचलला, पिण्याआधी थोडी मातीवर सांडली आणि म्हणाले, "महेश, घे रे बाबा." बाकीच्यांनीही आपापल्या गेलेल्यांची नावं घेतली. मग महेश लहानपणी ताडावर चढून अडकला होता ती गोष्ट यांनी सांगितली, सगळे हसले. हेही.
आमच्या पोराला जाऊन दोन वर्षं होतील. घरात यांनी त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. मी हाक न मारता परत फिरले.

मंगळ. ११ फेब्रु.
जेवताना विचारलं, "तिथे काय बोलता हो?"
"काही नाही. आमटी वाढ."

रवि. १६ फेब्रु.
रमी दारात आली होती. लाडक्याचे गुडघे गेले. मुलगा तलासरीला कंपनीत, तो चढायचा नाही म्हणतो. शिवरात्रीपासून मांडव बंद. "भावाला तुमीच सांगा. माझ्यानं नाय व्हत."
यांना सांगितलं. नुसते "बरं" म्हणाले. रात्री भाकरी तशीच.

बुध. १९ फेब्रु.
माझं डोकं! म्हटलं घरीच आणून ठेवू, घरात बसून बोलतील तरी. रमीकडून बाटली भरून आणली, बूच घट्ट लावलं आणि देवघराच्या फळीखाली, सावलीत ठेवली. ताडी आत आंबून फसफसत राहते हे मला कोण सांगणार? दुपारी फाटकन बूच उडालं. बाळकृष्णापासून समईपर्यंत सगळं फेसात. देवांना तीनदा आंघोळ घातली. हे दारात उभे. घरात पुष्कळ दिवसांनी हसू आलं त्यांना, पण लगेच गेलं.

शुक्र. २१ फेब्रु.
मांडवातले मित्र यांना हायवेच्या बारमध्ये घेऊन गेले. अर्ध्या तासात परत.
"काय झालं?"
"टीव्ही चालू. आणि खाली फरशी."
मला कळलं.

बुध. २६ फेब्रु.
महाशिवरात्र. उपास. मांडवाच्या झावळ्या काढल्या. चार वाजता हे सवयीने निघाले, कोपऱ्यावरून मागे वळले. मीच तांब्या भरून परसात नेला. म्हटलं, "इथे माती आहे. पाणीच ओता. मी आहे ना."
यांनी तांब्या माझ्या हातात परत दिला. "एकट्यादुकट्यानं नाही होत गं."
ते पाणी मग तुळशीला घातलं. नाव मलाही घेता आलं नाही.

शनि. १ मार्च
तीन दिवस हे एक अक्षर बोललेले नाहीत. दूध, भाजी काय आणायची तेही नाही.
झरीला वन्संना कार्ड लिहिलं. फोन केला तर हे ऐकतील. शिवाय देवाधर्माची बाई म्हणून वन्संसमोर मिरवले जन्मभर, तोंडाने विचारवत नाही. एवढंच लिहिलं:
"ती. वन्सं, सा. न. तुमच्या झरीत अजून कोणी ताडावर चढतं का? खाली चार माणसं बसतात का? बसायची जागा मातीचीच आहे ना, तेवढं पाहा. असेल तर यांना आठ दिवस तुमच्याकडे पाठवते. कारण विचारू नका. उलट टपालाने कळवा."